कोमातल्या नवऱ्याचं कायदेशीर पालकत्व: वकील न लावता हायकोर्टात कसं जायचं

ह्यांना मेंदूचा झटका आला त्याच्या एकोणिसाव्या दिवशी मी बँकेत गेले. पगाराचं खातं ह्यांच्या एकट्याच्या नावावर आणि हॉस्पिटलचं बिल रोज फुगत चाललेलं. काउंटरवरच्या मुलाने सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, चेकवर अंगठा घेऊन या. कोण बघतंय?" मी खरंच स्टेशनरीच्या दुकानातून शाईचा पॅड घेतला. आयसीयूत ह्यांचा हात उचलला तर बोटाला ऑक्सिमीटरची क्लिप. ती सरकवताच मशीन बोंबलायला लागलं आणि सिस्टर धावत आल्या. पॅड पर्समध्येच राहिला.

बरं झालं. बेशुद्ध माणसाचा अंगठा म्हणजे संमती नव्हे, तो बनाव आहे. उद्या दीराने किंवा बँकेनेच हरकत घेतली असती तर मीच आरोपी झाले असते. तुमच्या हातात असा पॅड असेल तर तो आधी बाजूला ठेवा आणि पुढचं वाचा. मी महाराष्ट्रातली, त्यामुळे हे सगळं मुंबई उच्च न्यायालयाच्या हिशेबाने लिहिलं आहे. नवऱ्याने बायकोसाठी अर्ज करायचा असला तरी रस्ता हाच.

१. कोर्टाची गरज खरंच आहे का, ते आधी पाहा

लग्नाचं सर्टिफिकेट दाखवलं की नवऱ्याचे व्यवहार आपोआप आपल्याकडे येतात, असा आपला समज असतो. तसं नाही. सज्ञान माणसाचा पालक कायद्याने कुणीच नसतो, बायकोसुद्धा नाही.

तरी काही गोष्टी कोर्टाशिवाय होतात. खातं जॉइंट असेल आणि त्यावर "आयदर ऑर सर्व्हायव्हर" अशी सूचना असेल, तर तुमच्या एकटीच्या सहीने पैसे निघतात. उपचारांच्या संमतीपत्रावर हॉस्पिटल जवळच्या नातेवाइकाची सही घेतं, मेडिक्लेमचा दावाही बहुतेक वेळा कुटुंबीय दाखल करू शकतात. ह्यांच्या एकट्याच्या नावावरचं खातं, मुदत ठेव, शेअर्स, फ्लॅट, जमीन इथे आलं की गाडी अडते.

तीन गोष्टींवर विसंबू नका.

नॉमिनी: नॉमिनेशन मृत्यूनंतर कामाला येतं. माणूस जिवंत आहे तोवर नॉमिनीला एक रुपयाही काढता येत नाही.

आधीचं मुखत्यारपत्र: माझा सगळा भरवसा ह्याच कागदावर होता. ह्यांनी पाच वर्षांपूर्वी माझ्या नावे करून दिलेलं, नोंदणीकृत. पण भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की एजन्सी, म्हणजे त्याच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार, संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी ते करून ठेवलं, नेमकं त्याच दिवशी ते निकामी. काही परदेशी कायद्यांत असं मुखत्यारपत्र पुढेही चालू ठेवायची सोय आहे, आपल्याकडे ती नाही.

आता नवं मुखत्यारपत्र: समज नसलेल्या माणसाकडून ते होऊच शकत नाही. "नोटरी ओळखीचा आहे, घरी येईल" असं सांगणारा भेटला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

२. कुठला दरवाजा ठोठवायचा

मी दोन महिने घालवले ते इथे. चार ठिकाणी चार कायदे सांगितले गेले आणि त्यातला एकही आमच्यासाठी नव्हता.

पालक आणि पाल्य कायदा, १८९० अल्पवयीन मुलांसाठी आहे. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्ह्यातली स्थानिक स्तर समिती पालक नेमते, पण ते स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमायची तरतूद होती. त्याच्या जागी आलेल्या २०१७ च्या कायद्यात ती राहिली नाही. त्यात "नामनिर्देशित प्रतिनिधी" आहे, पण तो उपचारांपुरता, बँकेपुरता नाही.

चौथा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६. त्याच्या कलम १४ मध्ये "मर्यादित पालकत्व" आहे आणि त्यासाठी जिल्हा न्यायालयात जाता येतं. पण तिथली कल्पना अशी की पालक आणि ती व्यक्ती मिळून निर्णय घेतील, ठरावीक कामापुरता, ठरावीक काळापुरता आणि त्या व्यक्तीच्या इच्छेप्रमाणे. तुमच्या जोडीदाराला थोडंफार कळतं, मान हलवून हो-नाही सांगता येतं, स्मृतिभ्रंश सुरुवातीचा आहे, तर हा दरवाजा जरूर बघा. जिल्ह्याच्या गावी काम होतं आणि माणसाचा आवाजही पुसला जात नाही.

ज्याला काहीच कळत नाही, कोमात आहे किंवा डोळे उघडे असूनही प्रतिसाद नाही, त्याच्यासाठी वेगळा कायदाच नाही. मग उच्च न्यायालय संविधानाच्या अनुच्छेद २२६ खालचा अधिकार वापरून पालक नेमतं. जो स्वतःची काळजी घेऊ शकत नाही त्याचं पालकत्व शेवटी राज्यसंस्थेकडे, हे ते तत्त्व. कोर्टात त्याला "पॅरेन्स पॅट्री" म्हणतात आणि हा शब्द तुमच्या कानावर वारंवार पडेल.

दोन निकाल मिळवून वाचाच. केरळ उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये कोमातल्या रुग्णाचा पालक नेमण्याची पायरीवार पद्धत घालून दिली. २७ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयात न्या. उज्जल भूयान आणि न्या. मिलिंद जाधव यांच्या खंडपीठाने अशाच अवस्थेतल्या नवऱ्याची पालक म्हणून बायकोला नेमलं. दोन्ही निकाल त्या त्या न्यायालयाच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. माझी याचिका मी ह्या दोन निकालांवर नजर ठेवूनच लिहिली.

३. कुठल्या खंडपीठात

तुमचा जिल्हा बघा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच: कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांसाठी. पुणे जिल्हा मुंबईकडेच. मुंबईत पुन्हा दोन बाजू आहेत, शहर-उपनगरातलं प्रकरण ओरिजिनल साइडला आणि बाहेरचं अपिलेट साइडला. मी पहिल्या दिवशी चुकीच्या बाजूच्या रांगेत दीड तास उभी होते.

४. "वकील नाही" म्हणजे नेमकं काय

स्वतःची केस स्वतः चालवणाऱ्याला "पार्टी इन पर्सन" म्हणतात. तो तुमचा हक्क आहे, पण मुंबई उच्च न्यायालयाचे २०१५ पासून त्यासाठी वेगळे नियम आहेत. वकील का लावत नाही हे सांगणारा अर्ज द्यायचा, न्यायालयाची शिस्त पाळेन, वावगी भाषा वापरणार नाही असं हमीपत्र द्यायचं. मग रजिस्ट्रीतल्या, म्हणजे न्यायालयाच्या कार्यालयातल्या, दोन अधिकाऱ्यांची समिती तुमच्याशी बोलते आणि तुम्ही न्यायालयाला नीट मदत करू शकाल का, ते ठरवते.

मी रात्रभर कलमं पाठ केली होती. त्यांनी एकही विचारलं नाही. "तुम्हाला न्यायालयाकडून नक्की काय हवंय, ते तीन वाक्यांत सांगा," एवढंच म्हणाले. मी ह्यांच्या आजारपणापासून सुरुवात केली, तर मॅडमनी हात वर करून थांबवलं. "काय झालं ते याचिकेत आहे. काय हवंय ते सांगा." तुम्ही ही तीन वाक्यं घरून तयार करून जा. माझी शेवटी अशी झाली: ह्यांना समज नाही असं डॉक्टर सांगतात. ह्यांचे पैसे आणि मिळकत ह्यांच्याच उपचारांसाठी आणि घरासाठी वापरायची आहे. त्यासाठी मला पालक नेमा, आणि हवी ती देखरेख ठेवा.

समितीने नाही म्हटलं तरी दार बंद होत नाही. विधी सेवा समितीमार्फत मोफत वकील मिळू शकतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रियांना आणि दिव्यांग व्यक्तींना ही मदत मिळते आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००. माझं स्पष्ट मत सांगते: घरात कुणी हरकत घेणारं असेल, मिळकतीचा जुना वाद असेल, किंवा ह्यांच्या धंद्यात भागीदार असतील तर एकटीने लढू नका, हा मोफत वकील घ्या. सगळे वारस एका बाजूला असतील तरच स्वतः उभं राहण्यात अर्थ आहे.

५. कागदपत्रं

मी एक मोठी बॉक्स फाइल घेतली आणि पाच रंगांचे कागदी फ्लॅग. जमवायचं ते असं:

- विवाह नोंदणी दाखला, दोघांची आधार आणि पॅन कार्डं, रेशन कार्ड
- डिस्चार्ज समरी, एमआरआय-सीटीचे रिपोर्ट, न्यूरोलॉजिस्टचं ताज्या तारखेचं प्रमाणपत्र
- सगळे वारस (मुलं, आई, बाकी जे असतील ते) आणि प्रत्येकाचं नोटरी केलेलं ना-हरकत प्रतिज्ञापत्र
- बँक पासबुकं, मुदत ठेवींच्या पावत्या, डिमॅट स्टेटमेंट, पीएफ, विमा पॉलिसी
- फ्लॅटचा इंडेक्स टू आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, जमिनीचा सातबारा आणि आठ-अ
- कर्जं: गृहकर्ज, क्रेडिट कार्ड, हातउसने घेतलेले पैसेसुद्धा
- महिन्याच्या खर्चाचा तक्ता, बिलांसह
- बँकेने नकार दिल्याचं पत्र

प्रमाणपत्रात "रुग्ण कोमात आहे" एवढंच नको. स्वतःचे व्यवहार समजून निर्णय घ्यायला असमर्थ आहे आणि नजीकच्या काळात सुधारणेची शक्यता किती, हे दोन्ही लिहून घ्या. आमच्या पहिल्या प्रमाणपत्रात फक्त आजाराचं लांबलचक नाव होतं. ते बदलून घ्यायला तीन फेऱ्या झाल्या.

बँकेचा नकार तोंडी असतो, लेखी द्यायला ते टाळतात. तुम्ही अर्ज लिहा, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. उत्तर आलं तर उत्तम, नाही आलं तर पोचच पुरावा.

आणि काहीही लपवू नका. माझ्या आत्येसासूबाईंनी सल्ला दिला होता, "गावची वीस गुंठे दाखवू नकोस, उगाच फाटे फुटतात." दाखवली नसती तर फाटे फुटलेच असते, कारण केरळच्या निकालातल्या पद्धतीत महसूल अधिकाऱ्याची चौकशी आहे आणि सातबारा तलाठ्याकडे असतोच. कायदा काय सांगतो हे न्यायमूर्तींना तुमच्याकडून शिकायचं नसतं. ह्या बाईच्या हाती नवऱ्याचं सगळं सोपवलं तर ती नीट सांभाळेल का, एवढं त्यांना बघायचं असतं, आणि ते तुमच्या याद्यांवरून दिसतं.

६. याचिका लिहिणं

उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं, त्यामुळे याचिका इंग्रजीत आणि मराठी कागदांची भाषांतरं जोडायची. माझं इंग्रजी बेताचं. भाचीने मदत केली, वाक्यं छोटी ठेवली. एका परिच्छेदात एकच गोष्ट आणि प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक.

क्रम असा ठेवला: मी कोण, ते कोण, आजार कधी आणि कसा, आजची अवस्था, वारस कोण, मिळकत आणि देणी, महिन्याचा खर्च, कुठे अडतंय, दुसरा कायदेशीर मार्ग का नाही (वर क्रमांक दोनमध्ये सांगितलं ते इथे कामाला येतं), आणि शेवटी मागण्या. प्रतिवादी म्हणून केंद्र सरकार, राज्य सरकार आणि संबंधित बँका. ना-हरकत न देणारा वारस असेल तर त्यालाही प्रतिवादी करा, वगळू नका.

मागण्यांचा भाग मात्र चार वेळा वाचा. "मला पालक नेमावे" एवढंच लिहिलंत तर आदेश घेऊन बँकेत गेल्यावर ते म्हणणार, ह्यात आमचं नाव कुठे आहे? प्रत्येक खातं, ठेव, डिमॅट क्रमांकासह लिहा. विम्याचे दावे, आयकर, सोसायटीची कामं, पेन्शन हे वेगवेगळं मागा. फ्लॅट किंवा जमीन विकायची वेळ येणार असेल तर तसं स्पष्ट मागा, कारणासह. २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने एका बाईला कोमातल्या नवऱ्याची मिळकत विकायची परवानगी दिली, पण त्यातले ५० लाख रुपये नवऱ्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवायच्या अटीवर. एकल न्यायमूर्तींनी आधी तिला दिवाणी न्यायालयात जायला सांगितलं होतं. म्हणजे विक्री मागितली की प्रश्न जास्त येणार, ती तयारी ठेवा.

शेवटी अंतरिम मागणी विसरू नका: अंतिम निकालापर्यंत हॉस्पिटलची आणि औषधांची बिलं अमुक खात्यातून थेट भरायची परवानगी.

७. दाखल करणं आणि ऑब्जेक्शन

रजिस्ट्री याचिका तपासते आणि त्रुटींची यादी लावते. माझ्या यादीत नऊ होत्या: पानांचे क्रमांक, समासातली सही, न वाचता येणारी झेरॉक्स, असं सगळं. त्यांना "ऑब्जेक्शन" म्हणतात, मनाला लावून घेऊ नका. पण मुदतीत काढा, नाहीतर याचिका सुनावणीआधीच निकालात निघू शकते. प्रत प्रतिवादींना पोचवून त्याची पोच आणि प्रत पोचवल्याचं प्रतिज्ञापत्र लावायचं. सरकारसाठीची प्रत सरकारी वकिलांच्या कार्यालयात स्वीकारतात.

तातडी असेल तर लवकर बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या सुनावण्यांच्या यादीत, घेण्यासाठी प्रेसिपी (लेखी विनंतीची चिठ्ठी) द्यावी लागते. आपला नंबर रोज हायकोर्टाच्या वेबसाइटवरच्या बोर्डात बघायचा. कोर्टाच्या आवारात "लगेच लावून देतो" म्हणणारे भेटतात. त्यांच्या हातात मूळ कागद देऊ नका, पैसे तर नाहीच.

८. तपासणी

कोर्ट बहुधा सरकारी रुग्णालयाकडून वैद्यकीय अहवाल मागवतं. केरळच्या निकालात मेडिकल बोर्डात न्यूरोलॉजिस्ट हवा असं म्हटलं आहे, आणि तहसीलदाराच्या खालच्या दर्जाचा नाही अशा अधिकाऱ्याची घरी भेटही. रुग्णाला हलवणं धोक्याचं असेल तर डॉक्टरांचं तसं पत्र आधीच जोडा आणि घरी तपासणी मागा.

आमच्याकडे साहेब आले तेव्हा मी मिळकतीची फाइल पुढे केली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. पलंगाजवळच्या भिंतीवर कूस बदलण्याचा तक्ता लावलेला होता, दर दोन तासांचा, त्यात मुलाच्या आणि माझ्या सह्या. तो त्यांनी बराच वेळ वाचला. मग विचारलं, "पहाटे चारची सही रोज तुमचीच दिसते?" मी हो म्हटलं. त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. असा तक्ता, औषधांची वही, फिजिओथेरपिस्टची हजेरी तुम्ही ठेवत असालच, ती भेटीच्या दिवशी आवरून कपाटात टाकू नका.

९. सुनावणी

माझी सुनावणी अकरा मिनिटं चालली. वाट पाहण्यात तीन दिवस गेले. "माय लॉर्ड" न म्हणता "सर" किंवा "मॅडम" म्हटलं तरी कुणी रागावलं नाही. विचारलं तेवढंच बोला, पान क्रमांक सांगून बोला. फ्लॅग तिथे उपयोगी पडले. सरकारी वकील विरोधातच बोलणार असं वाटत होतं, ते फक्त अहवाल वाचून "हरकत नाही" म्हणाले आणि बसले.

१०. आदेश मिळाल्यावर

सर्टिफाइड कॉपी एकदम पाच-सहा काढा, प्रत्येक जण मूळ मागतो. बँकेत ती शाखेतून विधी विभागाकडे जाते, अर्ज दिल्याची पोच घ्या. आयकर पोर्टलवर "प्रतिनिधी" म्हणून नोंदणी करून ह्यांचं विवरणपत्र भरता येतं, आदेशाची प्रत तिथे जोडायची.

जोडीदार सरकारी नोकरीत असेल तर एक गोष्ट कानात ठेवा. दिव्यांग कायद्याच्या कलम २०(४) नुसार नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही की खालच्या पदावर नेता येत नाही. ऑफिसातून "स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर पालक म्हणून सही करा" असा निरोप आला तर सही करायच्या आधी हे कलम त्यांना दाखवा.

देखरेख सुरू होते ती इथून. २०२० च्या मुंबईच्या प्रकरणात ती राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे दिली होती, केरळच्या पद्धतीत दर सहा महिन्यांनी रजिस्ट्रार जनरलकडे हिशेब द्यायचा आहे. तुमच्या आदेशात जे असेल ते तारखेसह भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. ह्यांच्या पैशांसाठी एकच खातं ठेवा आणि त्यातून घरचा किराणा कार्डाने भरू नका. घरखर्चाची रक्कम आदेशात ठरली असेल तर ती महिन्यातून एकदा तुमच्या खात्यात घ्या आणि मग खर्च करा. पैशांचा गैरवापर दिसला तर पालकत्व काढून घेतलं जातं आणि तक्रार करायला कुठलाही नातेवाईक पुरतो. मी दोनशे पानी वही घातली आहे: तारीख, रक्कम, कशासाठी, बिल क्रमांक. डायपरच्या पावतीवरची थर्मल शाई दोन महिन्यांत उडते, म्हणून पावत्यांचे फोटो त्याच दिवशी काढते.

ह्यांना शुद्ध आली तर कोर्टाला कळवून पालकत्व रद्द करून घ्यायचं. आणि माणूस गेला तर त्याच दिवशी ते आपोआप संपतं. त्यानंतर आदेश दाखवून एकही रुपया काढायचा नाही, एटीएममधूनही नाही. तिथून पुढे नॉमिनी, वारस दाखला, उत्तराधिकार प्रमाणपत्र हा वेगळा रस्ता. ना-हरकत प्रतिज्ञापत्रांच्या प्रती तेव्हा पुन्हा लागतील, म्हणून फाइल माळ्यावर टाकू नका.